पाइनच्या डावीकडे मनोरा

मित्रांनो, माझ्या पोटात सध्या माती आहे. काळी, विकत आणलेली माती, आणि तिच्यात गुलाबी फुलं. एका हॉटेलच्या दारात मला दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलंय. समुद्र इथून शंभर पावलांवर. वास येतो, आवाज येतो, पण अंगाला काही लागत नाही. येणारे-जाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पोरं माझ्या काठाला आइस्क्रीमचे हात पुसतात. पुसू देत. मी एक जुनी होडी आहे, साडेपाच मीटरची, सगळी लाकडाची, आणि मला कुणी विचारलेलं नसलं तरी मी सांगणार आहे. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे.

माझा जन्म एकसष्ट सालचा. मला बांधलं मेश्टर गाश्पारनं. आमच्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर ज्याच्या हातात कसब आहे त्याला मेश्टर म्हणतात. त्यानं कागदावर एक रेघ ओढली नाही. वितीनं मोजायचा, डोळा बारीक करून बघायचा. बरगड्या तुतीच्या, फळ्या पाइनच्या. तोंडात खिळे धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं कळायचं नाही आणि उरलेलं ऐकण्यासारखं नसायचं. पण मला पाण्यात सोडलं तेव्हा एक थेंब आत आला नाही. त्यानं खिळे थुंकले आणि म्हणाला, "जा, आता कुणाच्या हाती पडतेस ते तुझं नशीब."

मी पडले क्रशेवानच्या हाती. द्रागा गावचा कोळी, नवं लग्न झालेला. त्यानं माझं नाव ठेवलं मांदा. हे त्याच्या आईचं नाव. त्याची बायको पेरिना तेव्हा एकोणीस वर्षांची होती. घरात एक मांदा, धक्क्यावर दुसरी. धक्क्यावरच्या बायकांना पेरिना सांगायची, घरातल्या सासूला सुकाणू नाही गं, हिला निदान वळवता तरी येतं.

आणि वळवलं तिनंच, बरं का. आमच्याकडची रीतच तशी. नवरा नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून जाळं सोडतो, बायको मागं बसून होडी धरते. आधी वल्ह्यांवर, मग अडुसष्ट साली माझ्या पोटात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बसलं तेव्हापासून सुकाणूवर. नेवेन्का, त्यांची पोरगी, पोटात असताना शेवटच्या आठवड्यापर्यंत पेरिना सुकाणूवर होती. दोन्ही हातांनी विणकाम करायची आणि सुकाणू गुडघ्यानं धरायची. चाळीस वर्षांत तिनं माझ्या अंगाला एक ओरखडा पडू दिला नाही.

परवाना मात्र क्रशेवानचा. इंजिनाची होडी चालवायची तर परवाना लागतो, तो नियम तेव्हाही होता. क्रशेवान एकदाच बंदर कचेरीत गेला. तेव्हाच्या म्हाताऱ्या कप्तानानं विचारलं, कुणाचा रे तू? हा म्हणाला, पावेचा. मग येत असेल तुला, असं म्हणून कप्तानानं शिक्का मारला. झाली परीक्षा. त्या शिक्क्यावर नवरा-बायको दोघांचं आयुष्य निघालं. परवानेवाला नाळेपाशी, बिनपरवानेवाली सुकाणूवर, आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही.

आता लुपेश्काचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. गावासमोर अर्ध्या तासावर एक उघडंबोडकं बेट आहे, लुपेश्का. तिथं या घराची ऑलिव्हची झाडं, सात मेंढ्या आणि पावसाचं पाणी साठवायचं एक टाकं. दक्षिणेला उघडा खडकाळ किनारा, वारा पडलेला असेल तरच तिथं लागता येतं. उत्तरेला छोटी खाडी, आत गेलं की पाळण्यात असल्यासारखं. पण खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली हातभर एक खडक आहे. घरात त्याला दात म्हणायचे. त्या दाताच्या कडेला असे मासे बसतात की काय सांगू. द्रागात कुणालाच तसे मिळायचे नाहीत.

दात चुकवायची खूण होती. जाताना मागं वळून गावाकडं बघायचं. टेकडीवर एक एकटं पाइनचं झाड आहे. देवळाचा मनोरा त्या पाइनच्या डाव्या अंगाला आला की मगच आत वळायचं. मनोरा उजवीकडे असताना वळलात की संपलं. बस, एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट चार पिढ्या घराबाहेर गेली नव्हती.

आमच्या गावात खुणांचं असंच असतं. माणूस तुम्हाला दारू पाजेल, अंगावरचा कोट देईल, पण समुद्रातली खूण देणार नाही. विचारलीच कुणी तर चेहरा सरळ ठेवून चुकीची सांगायची. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की ही चुकीची आहे. तो मान डोलावतो, आभार मानतो आणि विसरून जातो. त्याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही, घर राखणं म्हणतो.

आणि घर राखायचं होतं ते मुख्यतः बेपोपासून. शेजारच्या घरातला बार्बा बेपो. बार्बा म्हणजे काका, पण बेपोला ते आदरानं कुणी म्हणायचं नाही. मोठ्या मिशा, मोठं तोंड. चाळीस वर्षं तो क्रशेवानला विचारत होता की लुपेश्काला कुठून वळतोस रे, आणि क्रशेवान चाळीस वर्षं त्याला उजवीकडून सांगत होता.

मग एका हिवाळ्यात क्रशेवान गेला. न्यूमोनिया झाला, नऊ दिवसांत आटोपलं. परवाना त्याच्याबरोबर गेला. परवाना काही झाडांसारखा मागं राहत नाही.

वसंतात पेरिना मला एकटी घेऊन लुपेश्काला निघाली होती तेव्हा गस्तीची बोट आली. दोन तरुण पोरं, इस्त्रीचे सदरे. माझे कागद बघितले. नाळेवर माझा नंबर रंगवलेला, आत जीवरक्षक जाकिटं, आग विझवायचं नळकांडं, संकटात उडवायचे लाल दारूचे बाण, पाणी उपसायचं भांडं. सगळं जागच्या जागी. मग त्यातल्या एकानं तिचा परवाना मागितला. ती म्हणाली, "माझा कसला बाळा? मी हिच्याबरोबरच आलेय." पोरगा हसला, पण नियम त्यानं नीट समजावला. वैद्यकीय दाखला, अर्ज, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा. तोवर इंजिन चालू करायचं नाही. वल्हवायला हरकत नाही, वल्ह्याला परवाना लागत नाही. या वेळी दंड करत नाही म्हणाला.

वल्हवायला हरकत नाही. ती साठीची आणि माझ्या पोटात दीडशे किलोचं इंजिन. तिनं दोनदा वल्हवून बघितलं, दोन दोन तास लागले. तिसऱ्या वेळी उजवा खांदा वर जाईना. आणि मेंढ्यांना तर दर तिसऱ्या दिवशी टाक्यातून पाणी काढून द्यावंच लागतं. उन्हाळ्यात तिथं दुसरं पाणी नाही. परवाना मिळाला नाही तर मेंढ्या विकायच्या, झाडं सोडून द्यायची आणि खिडकीत बसून लुपेश्का बघायची, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून ती परीक्षेला बसली. नेवेन्काच्या नवऱ्यानं पुस्तक आणून दिलं. त्याचं नाव द्राझेन. बियेलोवारचा, म्हणजे दूर आतल्या मुलखातला. तिथं पाणी दिसतं ते खड्ड्यात. शाळेत शिकवायचा. माणूस वाईट नव्हता मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते. सासरा गेल्यावर त्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन मुद्दाम राहायला आला होता. म्हणाला, आई, आपण दोघंही परीक्षा देऊ. वही घेऊन बसायचा, सगळं लिहून काढायचा. कुठल्या बोटीला कुठल्या रंगाचा दिवा, कोणी कोणाला वाट द्यायची, लाल तरंगता बोया कुठल्या हाताला. पेरिना शेंगा सोलता सोलता त्याच्याकडून पाठ करून घ्यायची. तिला अक्षरं लावायला वेळ लागायचा, पण दिवे तिला जन्मापासून माहीत होते, फक्त पुस्तकातली नावं माहीत नव्हती.

परीक्षेचा दिवस जूनमधला. ती शहरात आली ती मला घेऊन, स्वतः चालवत, आणि बंदर कचेरीच्या खिडकीखालीच मला बांधलं. बेपो धक्क्यावर आधीच हजर. त्याला पर्यटक फिरवायचे होते, त्यासाठी वरच्या वर्गाचा परवाना हवा होता. त्यानं मला बघितलं, तिला बघितलं.

"परवाना काढायला बिनपरवान्याची आलीस होय गं?"

"तू परवाना असून चालत आलास," पेरिना म्हणाली. "तुझं इंजिन परत बंद पडलं वाटतं."

द्राझेन बसनं आला. तो नियम मोडत नसे.

उकडत होतं, खिडक्या उघड्या होत्या. मला खालून सगळं ऐकू येत होतं. लेखी झालं, मग तोंडी. आठ-दहा जण एकाच खोलीत बसलेले, कप्तान एकेकाला नकाशापाशी बोलावत होता. आताचा कप्तान तरुण होता, पण जीभ गोड. द्राझेननं घडाघडा उत्तरं दिली. पेरिनानं दिवे सांगितले, बोये सांगितले, धुक्यात भोंगा किती वेळा वाजवायचा ते सांगितलं. कप्तान खूश झाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्या बाईला शेवटचा प्रश्न सोपा द्यावा. वयस्क बाईला आमच्याकडं तेता म्हणतात, म्हणजे मावशी. म्हणाला, "तेता पेरिना, तुमच्या घरचाच विचारतो. लुपेश्काच्या खाडीत कसं शिरता?"

मित्रांनो, त्यानं तिला जगातलं काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.

नंतर तिनंच मला सांगितलं की बेपो चष्मा पुसत होता आणि त्याचा हात थांबला. तिनं एकदा बेपोकडं बघितलं, एकदा नकाशाकडं. चार पिढ्या. आणि क्रशेवानला जाऊन सहा महिनेही झालेले नव्हते.

"मागं बघायचं," ती म्हणाली. "मनोरा पाइनच्या उजवीकडे आला की वळायचं."

कप्तानानं नकाशावर पेन्सिल ओढल्याचा आवाज तेवढा आला. बेपोनं मान डोलावली आणि चष्मा परत पुसायला घेतला. आणि मागच्या बाकावर द्राझेननं वही उघडली आणि ते वाक्य लिहून घेतलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे लिहून घ्यायचं नसतं.

दुपारी यादी वाचली. द्राझेन पास. बेपो पास. पेरिना नापास, पुन्हा सप्टेंबरात. कारणं सांगत नाहीत, नुसती नावं वाचतात. ती कप्तानाला एकट्याला गाठायला वर गेली, तर तो जेवायला गेलेला. कारकून म्हणाला, जे काय असेल ते सप्टेंबरात बोला.

परत येताना सुकाणूवर द्राझेन बसला, कारण आता परवाना त्याच्याकडे होता. निघताना त्यानं मला धक्क्यावर आपटलं. माझ्या अंगावरचा पहिला ओरखडा. पेरिनाचा हात आपोआप सुकाणूकडं गेला. त्यानं तो हळूच बाजूला केला. "आई, होडीवर कप्तान एकच असतो. नियमच आहे तसा."

"मग नियमालाच बसव शेजारी," ती म्हणाली. आणि द्रागाला उतरली ती त्या उन्हाळ्यात माझ्यात पुन्हा चढली नाही. नेवेन्कानं दोन्हीकडून समजावून बघितलं. आईला म्हणाली, तो शिकेल. नवऱ्याला म्हणाली, तिला एकदा बरोबर घे, वाट विचार. तो म्हणाला, वाट मला माहीत आहे. पेरिना म्हणाली, त्यानं विचारलं तर सांगेन. त्यानं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. मी दोघांच्या मध्ये दोरीला बांधलेली. मला कोण विचारतंय.

जुलैभर वारा शांत होता. द्राझेन दक्षिणेच्या उघड्या किनाऱ्याला लागायचा, मेंढ्यांना पाणी द्यायचा, झाडांखालचं गवत काढायचा. मेहनती होता. खाडीत जायची वेळच आली नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात युगो सुटला. युगो म्हणजे आमचा दक्षिणेचा वारा. तो एकदम मारत नाही, दिवसभर लाटा वाढवत नेतो. मेंढ्यांना पाणी दिलेल्याला तिसरा दिवस होता. द्राझेन आणि नेवेन्का निघाले. दक्षिणेच्या किनाऱ्यावर पांढरं उधळत होतं, तिकडं लागणं शक्यच नव्हतं. मग त्यानं खिशातून वही काढली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला वाट माहीत होती. चाळीस वर्षं मी त्या जागी डावीकडून वळत आले होते. पण होडीला तोंड नसतं, आणि सुकाणू ज्याच्या हातात तो जिकडं नेईल तिकडं तिला जावं लागतं. मनोरा पाइनच्या उजव्या अंगाला होता. त्यानं वहीत बघितलं, मागं बघितलं, आणि वळवलं. अगदी काळजीपूर्वक, अगदी लिहिल्याप्रमाणं.

दातानं मला मधोमध धरलं. लाटेनं उचललं, पुन्हा खाली घातलं. दुसऱ्या वेळी माझा कणा मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तुतीच्या चार बरगड्या एकामागून एक गेल्या. द्राझेनचा हात इंजिन आणि काठाच्या मध्ये सापडला. नेवेन्कानं एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्या हातानं मला. जाकिटं अंगात होती. नियमाप्रमाणं घातली होती त्यानं, आणि म्हणूनच ती दोघं वाचली, हेही मी सांगायला हवं.

पेरिना गावातल्या धक्क्यावर उभी होती. मी लवकर वळले ते तिनं तिथून बघितलं. तिला काय कळलं असेल त्या क्षणी ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ती बेपोच्या होडीत उडी मारून बसली आणि बेपोनं एक शब्द न विचारता दोर सोडला.

ते खाडीच्या तोंडाशी आले तेव्हा मी दातावर आडवी पडलेली, अर्धी पाण्यात. मला ते दोघं स्पष्ट दिसत होते. पेरिना नाळेपाशी उभी होती. आता तिला ती खूण बेपोला ओरडून सांगावीच लागणार होती, नाहीतर तोही दातावर येणार. तिनं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात बेपोनं मान वळवून मागं गावाकडं एकदा बघितलं, मनोरा पाइनच्या डाव्या अंगाला येऊ दिला आणि सुकाणू फिरवलं. हातभराचीही चूक नाही. दाताला वळसा घालून तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

त्यानं नेवेन्काला ओढून घेतलं, मग द्राझेनला. पेरिना त्याच्याकडं बघत होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

बेपोनं मिशांवरचं पाणी पुसलं. "तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

तो तिथं मासे धरायला कधी आला नाही, मित्रांनो. मी चाळीस वर्षं त्या दाताच्या कडेला होते, मला माहीत आहे. क्रशेवानला खोटं सांगण्यात मजा वाटायची आणि बेपोला ऐकण्यात.

परतीच्या वाटेवर द्राझेन पांढराफटक पडला होता. हात फडक्यात गुंडाळलेला. तो रागावून नव्हे, गोंधळून बोलला, असं नेवेन्का पुढं सांगायची. "पण आई, तुम्हीच सांगितलंत. उजवीकडे. मी लिहून घेतलंय."

"तुला नव्हतं सांगितलं रे," पेरिना म्हणाली. "बेपोला सांगितलं होतं."

दोन दिवसांनी वारा पडला तेव्हा बेपोनं मला रिकाम्या पिंपांवर तरंगवून शहरात ओढत नेलं आणि कचेरीच्या खिडकीखालीच काठावर काढून ठेवलं. मेश्टर गाश्पार केव्हाच वारला होता. त्याच्या मुलानं बार काढलाय. जे दोघं-तिघं येऊन मला बघून गेले ते म्हणाले, कणा गेला की होडी गेली. प्लास्टिकची घ्या.

सप्टेंबरात पेरिना पुन्हा परीक्षेला आली. बसनं. खिडक्या अजून उघड्याच होत्या. त्याच कप्तानानं तिला तोच प्रश्न विचारला. मुद्दाम की विसरून, कोण जाणे. तिनं उत्तर दिलं ते अख्ख्या धक्क्याला ऐकू गेलं. कोळी होते, पर्यटक होते, जाळी विणणारे होते. "मनोरा पाइनच्या डावीकडे. डावीकडे. उजवीकडे वळलात तर खडक आहे."

ती पास झाली. खाली आली, हातात कोरं करकरीत कार्ड, वर तिचा फोटो. माझ्या मोडक्या काठावर बसली आणि कार्ड माझ्या नाळेपुढं धरलं.

"बघ मांदा," ती म्हणाली. "आता मला तुला चालवता येतं."

मग तिनं कार्ड खिशात घातलं आणि बसकडं निघाली.

मेंढ्या त्या हिवाळ्यात विकल्या. द्राझेनचा हात बरा झाला, पण तीन बोटं मिटत नाहीत. त्यानं प्लास्टिकची होडी घेतली. आता धक्का सोडायच्या आधी तो प्रत्येक गोष्ट पेरिनाला दोनदा विचारतो, आणि ती त्याला एकदाच सांगते, पण खरं सांगते. ती त्या होडीत बसते, सुकाणूही धरते. कार्ड आहे ना. पण विणकाम घेऊन जात नाही. प्लास्टिक गुडघ्याचं ऐकत नाही म्हणते.

मला हॉटेलवाल्यानं नेलं. मोडलेला कणा मातीखाली झाकला, वरून पांढरा रंग फासला. माझं नाव त्या रंगाखाली आहे. लोखंडी खुरपं घेऊन एक माळी येतो, रोज नळाचं गोडं पाणी घालतो. गोड्या पाण्यानं लाकूड कुजतं, हे त्याला कोण सांगणार. उन्हानं माझ्या फळ्या आकसल्या, फटी पडल्या. होडीला मरण असं येतं, बुडून नव्हे, वाळून.

परवाना वाईट असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, होडी चालवाल, तेव्हा काढा. दिवे शिका, बोये शिका, जाकीट घाला. पण ज्या घरात जाल तिथल्या म्हाताऱ्या माणसाला तोंड उघडून विचारा, की इथं कुठं काय लपलंय. आणि तुम्ही स्वतः म्हातारे झालात की ज्याच्या हातात सुकाणू द्याल त्याला आधी वाट सांगा. तो विचारेल म्हणून थांबू नका. मी दोन मानी माणसांच्या मधे बांधलेली होडी होते. माझं काय झालं ते समोर बघताच आहात.

महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, पेरिना शहरात येते. हातात पिशवी, पिशवीत दोन मोठ्या बाटल्या, धक्क्यावरून भरून घेतलेल्या. हॉटेलवाला जेवायला गेला की ती माझ्याजवळ बसते आणि दोन्ही बाटल्यांतलं समुद्राचं पाणी हळूहळू माझ्या फळ्यांवर ओतते. थोडं मातीत जातं. लाकूड जरासं फुगतं, एखादी फट मिटते. बरं वाटतं.

फुलं मात्र मरतात. माळ्यानं यंदा तीनदा नवी लावली. त्याला कारण सापडत नाही. त्यानं पेरिनालाही विचारलं, तेता, तुम्हाला काही कळतंय का यातलं. तिनं चेहरा सरळ ठेवला आणि म्हणाली, नळाचं पाणी फार होतंय बाळा, जरा कमी घालत जा.